विजेच्या गाडीवरचा मुकुट

भाऊजी,

तेराव्याची पंगत उठली, साताऱ्याचे पाहुणे वाटेला लागले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुर्भ्याच्या ऑफिसात जाऊन तुमच्या टेबलाचा खण उघडला. आत काय असेल याचा अंदाज होताच. मुदत संपलेले पीयूसीचे कागद, बडीशेपेच्या पुड्या, काडी मोडलेले दोन चष्मे आणि एक मोठा नट. कुठल्या ट्रकचा, ते तुम्हालाच ठाऊक. तो ट्रक गेली कित्येक वर्षं त्याच्याशिवाय धावतो आहे, एवढं मात्र नक्की.

शोकसभेत सगळे तुमच्याविषयी फार चांगलं बोलले. ट्रान्सपोर्टवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष तर इतकं बोलले की मंगल माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “ताई, हे आमच्याच माणसाबद्दल बोलताहेत ना?” तुमच्या बायकोने त्या दिवसांत केलेला तो एकमेव विनोद. मीही चांगलं बोलणार आहे. पण आधी आपलं भांडण पुरं करायला हवं. तुम्ही ते मध्येच टाकून गेलात. हीही तुमची जुनीच सवय.

भांडण त्या मुकुटाचं. आपल्या पहिल्या विजेवर चालणाऱ्या ट्रकच्या केबिनवर तुम्ही जो लोखंडी मुकुट चढवलात, त्याचं.

खरं तर आपलं भांडण त्याच्या किती आधीपासूनचं. मी या धंद्यात आले तीच तुमच्या कागदांमुळे. तुमचे थोरले बंधू बँकेत चिकटले, तुम्ही भाजीच्या ट्रकवर चढलात, आणि हळूहळू एकाचे अनेक ट्रक केलेत. पण कोणाचा विमा संपला, कोणाचं फिटनेस राहिलं, याचा पत्ता नाही. शेवटी तीन गाड्या आरटीओच्या आवारात अडकल्या, तेव्हा यांनी मला सांगितलं, “महिनाभर जाऊन त्याचे कागद लावून दे.” मी महिनाभरासाठी आले. भिंतीवर पांढरा फळा लावला, लाल शाईने तारखा लिहिल्या. तुम्ही पहिल्याच दिवशी त्या फळ्यावर आपला पंचा वाळत घातलात. त्यानंतर मी परत जाणं शक्यच नव्हतं.

तुम्ही धंदा केलात तो कानाने. वरच्या मजल्यावर बसून चहा पिता पिता म्हणायचात, “पिवळीचा क्लच घासतोय.” मी म्हणायची, भाऊजी, अजून ती फाटकाच्या आत आलेली नाही. संध्याकाळी मेकॅनिकचं बिल यायचं, क्लचचंच. मला राग यायचा तो याचा, की माझ्या फळ्यावर क्लचचा रकाना नव्हता.

आणि आपल्या खिडकीखाली तो धूर. ड्रायव्हर लोक वाट बघताना इंजिन बंद करत नसत. खिडकीला मी पांढरी जाळी लावली, ती पावसाळ्याआधीच काळी झाली. मी खाली ओरडायची, “बाळू, इंजिन बंद कर!” आणि आपला बाळू, इथल्याच जुन्या गावठाणातला, तितक्याच मोठ्याने वर ओरडायचा, “बंद केला ना वयनी, तं मंग तुमीच येवा धक्का माराला!” तुम्ही हसायचात. जाळी धुवायची कोणी? मी.

मग तळोज्याच्या त्या साबण कंपनीची मीटिंग आली. आपल्या बहुतेक गाड्या त्यांच्याच मालावर चालतात. ते काम गेलं तर गाड्या फाटकात उभ्या राहतील आणि ड्रायव्हर दुसऱ्याचं फाटक शोधतील, हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून यायला सांगितलं होतं. घातलात. वरून खांद्यावर पंचा टाकलात.

त्यांच्या ऋतुजा मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली, आणि मग तुमच्याकडे बघून साध्या भाषेत सांगितलं, “काका, आमच्या परदेशातल्या गिऱ्हाइकांना आता नुसता साबण चालत नाही. तो कारखान्यातून निघून त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर वाटेत किती धूर झाला, तेही सांगावं लागतं. कारखान्यातला आम्ही कमी करत आणलाय. आता राहिला रस्त्यावरचा. म्हणजे तुमचा.”

“माझा?” तुम्ही स्वतःच्या शर्टाकडे बघितलंत. “मॅडम, मी तंबाखूसुद्धा सोडली.”

सगळी खोली हसली. मी टेबलाखालून तुमच्या पायाला पाय लावला. तुम्ही दुसरा प्रश्न काढलात, “आणि वीज कशाची? कोळशाचीच ना? म्हणजे माझ्या नळीतला धूर बंद करायचा आणि तिकडं चिमणीतनं सोडायचा. मग कमावलं काय?”

मला वाटलं, संपलं. पण मॅडमना राग आला नाही. त्या म्हणाल्या, “बरोबर आहे काका. आज बरीचशी वीज कोळशाचीच आहे. धूर कमी होतो, शून्य होत नाही, आणि मी तुम्हाला शून्य सांगणारही नाही. पण उद्या उन्हाची, वाऱ्याची वीज वाढली की तुमची तीच गाडी आपोआप सुधारेल. डिझेलची गाडी कितीही चांगली ठेवली तरी ती डिझेलच पिणार.”

तुम्ही मान डोलावलीत. त्या दिवसापासून त्या ‘धुराच्या मॅडम’ झाल्या. पुढे त्यांच्या तोंडावरही.

अट सरळ होती. एक विजेची गाडी आणायची. तळोजा ते भिवंडी, दिवसाला भरून दोन फेऱ्या, चार्जिंग फक्त रात्री आपल्या आवारात. काही महिने नीट चाललं तर पुढच्या करारात काम आपल्याला, आणि हळूहळू बाकीच्या गाड्याही बदलायच्या. नाही तर ज्याला जमेल त्याला.

मी गेटपासवर सही घ्यायला गेले, परत आले तर तुम्ही बाहेर टपरीवर कटिंग घेत उभे. म्हणालात, “घेऊ या, वहिनी.”

“चहा? मला नको.”

“गाडी हो.”

“भाऊजी, आधी बघू तर. वजन किती उचलते, चार्जर कुठे बसवायचा, वीज मंडळ जोड कधी देणार, बिघडली तर दुरुस्त कोण करणार...”

“तुम्ही यादी करा ना. निवांत करा. मी आत हो म्हणून आलोय.”

आता सांगा, अशा माणसाचं काय करायचं? मी यादी केली. आणि हेही इथेच लिहून टाकते, की त्या यादीतलं प्रत्येक काम तुम्ही केलंत. वीज मंडळाच्या ऑफिसात तुम्ही इतक्या खेपा घातल्या की तिथले साहेब मला फोनवर म्हणाले, “बाई, जोड देतो, पण त्या काकांना उद्या पाठवू नका.” एकही ड्रायव्हर नव्या गाडीला हात लावायला तयार नव्हता. तुम्ही बाळूला वडापाव खाऊ घालून म्हणालात, “हे बघ, क्लच नाही, गिअर नाही. तुझा गुडघा दुखतोय ना? मग ही गाडी नाही, औषध आहे.” मला हे सुचलं नसतं. मी त्याला माहितीपत्रक दिलं होतं.

गाडी आली. सांगाडा आणि केबिन. तिच्यावर हलकी बॉडी बसवायची, हे मी आधीच ठरवलं होतं. या गाडीत बॅटरीचंच वजन भरपूर, वरून लोखंड चढवलं तर अंतर कमी पडणार, हे कंपनीच्या माणसाने तुमच्यासमोर मला सांगितलं होतं. तुम्ही “हां हां” म्हणत होतात. ॲल्युमिनियमची सुटसुटीत पेटी बसली, पासिंग झालं. मी फळ्यावर टिक केली. मग तुम्ही म्हणालात, “जरा मागं नाव रंगवून आणतो.” आणि गाडी कळंबोलीला तुमच्या त्या मिस्त्रीकडे गेली, ज्याने आपल्या आजवरच्या सगळ्या गाड्यांच्या बॉड्या बांधल्या.

नाव रंगवायला किती दिवस लागतात, भाऊजी?

गाडी परत आली ती नवरदेवासारखी. तळाला जाड फळ्या. चारही बाजूंनी लोखंडी पट्ट्या. आणि केबिनच्या वर, पुढे झुकलेला, नक्षीचा, कळसाचा, दोन्ही बाजूंना मोर असलेला तो मुकुट. मधोमध ‘ज्योतिबाच्या नावानं चांगभलं’. आपल्या प्रत्येक ट्रकला तो असतो, मान्य. पण त्या ट्रकना डिझेलची टाकी असते, संपलं तर पंपावर थांबायचं. हिचं काय?

मी म्हटलं, “हे काय केलंत?”

“गाडीला तोंड पायजे, वहिनी. नुसता डबा रस्त्यावर न्यायचा? लोक म्हणतील, फ्रीज निघालाय.”

पूजेच्या दिवशी मंगलने ओवाळलं, चाकाखाली लिंबं ठेवली, तुम्ही नारळ फोडलात आणि हात वर करून ओरडलात, “बाळू, स्टार्ट मार!”

बाळू आतून म्हणाला, “चालूच हाय शेट.”

“मार स्टार्ट!”

“आवो शेट, मगासधरना चालू हाय!”

आणि गाडी आवाज न करता लिंबांवरून पुढे गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही मात्र थोडा वेळ हातात नारळाची भकलं घेऊन तसेच उभे होतात. तेव्हा मला वाटलं, पाणी गळतंय म्हणून उभे आहात.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही ते कधी कबूल केलं नाहीत, म्हणून लिहिते. पहिली फेरी व्हायची. दुसऱ्या फेरीच्या परतीला गाडी धापा टाकायची. बाळू एसी बंद करायचा, पंखा बंद करायचा, शेवटी म्हणाला, “वयनी, आता मी श्वास पन बंद करू का?” आणि एका दुपारी मुंब्रा बायपासच्या चढावर ती थांबलीच. मागे गाड्यांची रांग, पुढे ट्रॅफिक पोलीस. तुम्ही काय केलंत? पिवळी पाठवलीत. आपला सगळ्यात जुना, सगळ्यात काळा धूर ओकणारा ट्रक, साखळी लावून, विजेच्या गाडीला ओढत तळोज्यापर्यंत आला. फाटकावर कोणीतरी फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो फोटो तळोज्यातल्या सगळ्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या मोबाईलवर.

आणि तुम्ही मला म्हणालात, “बघा. बॅटरी ती बॅटरी.”

दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी वजनकाट्यावर नेली. पासिंगच्या वेळचं वजन आणि आताचं वजन तुमच्यासमोर ठेवलं. दोन म्हशी कायमच्या टपावर बसवल्यासारखा फरक होता, शिवाय तो मुकुट वारा अडवतो ते वेगळं. तुम्ही कागद उलटा धरून बघितलात. चष्मा नव्हता. मग म्हणालात, “फळ्या काढू. पट्ट्या काढू. मुकुट राहू दे.”

“मुकुटच तर आधी काढायला हवा.”

“उद्या बघू.”

धुराच्या मॅडमनी चाचणी थांबवली होती. पण माणूस भला. त्यांनी साहेबांशी बोलून शेवटची संधी आणली. महिनाअखेरीस एक आठवडा, रोज दोन फेऱ्या, एकही चुकायची नाही, डिझेलची मदत नाही. त्या मला फोनवर म्हणाल्या, “काकू, यापुढे माझ्या हातात काही नाही.” मी तुम्हाला तसंच सांगितलं. तुम्ही फळ्या उतरवल्या. पट्ट्या उतरवल्या. मुकुटाचं नाव काढलं की चहा मागवायचात.

एकदा, फक्त एकदा, तुम्ही खरं बोललात. दुपारची वेळ, ऑफिसात आपण दोघंच. खाली गाडी येऊन उभी राहिली होती आणि बाळू वर येऊन कागद ठेवून गेला, तरी तुम्हाला कळलं नव्हतं. तुम्ही खिडकीपाशी गेलात, वाकून बघितलंत आणि म्हणालात, “वहिनी, हिची तब्येत मला कळत नाही.”

मी म्हटलं, “मोबाईलवर दिसते की. ॲप टाकून दिलंय तुम्हाला. बॅटरी, टायर, सगळं दिसतं.”

“दिसतं हो,” तुम्ही म्हणालात. “दिसतं.” आणि पंचा उचलून खाली गेलात.

आता वाटतं, मुकुट तुम्हाला त्यासाठी हवा होता. ती गाडी आपली आहे, आपल्याकडची आहे, हे कुठून तरी कळावं म्हणून. कानाला कळत नव्हतं तर डोळ्याला. हे तुम्ही तेव्हा सरळ सांगितलं असतंत तर? तरी मी म्हटलं असतं, काढा. पण भांडले नसते. निदान एवढं नसते.

शेवटचा फोनही मुकुटाचाच. मी मिस्त्रीची वेळ घेतली होती. तुम्ही उलव्याला घरी, बाल्कनीत. मागून विमानाचा आवाज येत होता. मी म्हटलं, “भाऊजी, उद्या सकाळी गाडी कळंबोलीला जाणार. मी सांगून ठेवलंय.” तुम्ही म्हणालात, “तुम्ही फार घाई करता बुवा. उद्या बघू.” मी रागाने फोन ठेवला. सकाळी मंगलचा फोन आला.

बघायचं नव्हतं तर सरळ नाही म्हणायचं होतंत.

आणि मग तुम्ही केलंत काय, तर मरून भांडण जिंकलंत! तुमची शेवटची यात्रा त्याच गाडीतून निघाली. ड्रायव्हर पोरांनी ठरवलं, कोणी मला विचारलं नाही. मुकुटाला हार, हाराच्या मध्ये तुमचा फोटो. हार सुकला, फोटो तिथेच राहिला. दहाव्यानंतर मी ड्रायव्हर लोकांना बोलावून सांगितलं, आठवड्याभरात चाचणी आहे, मुकुट काढावा लागेल. सगळे खाली बघू लागले.

बाळू म्हणाला, “वयनी, तो शेटचा शेवटचा काम हाय. त्याला हात लावाचा म्हनजे...”

“म्हणजे काय?”

“म्हनजे नको.”

“आणि काम गेलं तर? बाळू, तुझ्या पोरीची बारावी आहे.”

“ते म्हाईत हाय मला. पन नको.”

मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, “ताई, शेठ असते तर शिव्या घालत काढला असता. आता माझ्या हातून व्हायचं नाही.” मी म्हटलं, दुसरा बघते. तो म्हणाला, “बघा. कळंबोलीत कोणी हात लावणार नाही.” यांना विचारलं, तर यांनी पेपर वर धरला. तुमचे बंधू सध्या पेपरच्या मागे राहतात. पान उलटत नाहीत.

म्हणून मी उलव्याला गेले, मंगलकडे. मला वाटलं, तिच्या एका शब्दाने काम होईल. तिने चहा केला. मी मुद्दे सांगितले. वजन, वारा, चढ, चाचणी, करार. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कप खाली ठेवून म्हणाली, “ताई, दहाव्याला गावच्या आत्याबाई माझ्या बांगड्या फोडायला निघाल्या होत्या. तुम्ही मध्ये उभ्या राहिलात. सगळ्यांदेखत म्हणालात, हिचं काही कोणी काढायचं नाही, टिकलीला हात लावाल तर बघा.”

“म्हटलं. मग?”

“मग ह्यांच्या गाडीचं तेवढं उतरवायला कशा निघालात?”

भाऊजी, इतकी वर्षं मंगल आपल्या भांडणात मध्ये पडली नव्हती. आपण दोघं तावातावाने बोलायचो, ती पोहे आणून ठेवायची. त्या दिवशी कळलं, ती सगळं ऐकत होती. मी तिच्या कपाळाकडे बघत राहिले, आणि जे तोंडात आलं ते बोलले.

“टिकलीला वजन नसतं, मंगल. ती लावून तू जिना चढू शकतेस. गाडीला तो चढ चढता येत नाही.”

वरून एक विमान गेलं. ती बराच वेळ रडली. मीही. इतक्या दिवसांत मला ते जमलं नव्हतं, कामंच तेवढी होती. मग तिने तोंड धुतलं, टिकली नीट केली आणि म्हणाली, “चला. मीच येते.”

पूजेचा दिवस सोडला तर मंगल कधी आपल्या ऑफिसात आली नव्हती, कळंबोली तर दूरच. ती रिक्षातून उतरली, मिस्त्रीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “फोटो मला द्या. बाकी उतरवा.” मिस्त्रीने गॅसकटर पेटवला. बाळू तोंड फिरवून टायर मोजत बसला. लोखंड सुटून खाली आलं तेव्हा आवाज असा झाला की शेजारच्या चार वर्कशॉपमधली माणसं बाहेर आली. एकाने टोपी काढली.

मुकुट भंगारात द्यायला ती तयार नाही. टेम्पोत घालून उलव्याला नेला. लिफ्टमध्ये मावेना, तो आता तुमच्या पार्किंगच्या जागेत भिंतीला टेकून उभा आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, हे काय आहे? मंगल म्हणाली, “आमच्यात असतं.” ते मागे फिरले. यापुढे सोसायटीशी भांडायला ती पुरेशी आहे, ते एक काम माझ्या यादीतून गेलं.

मग चाचणीचा आठवडा. मी फळ्यावर तक्ता आखला आणि पहिल्या दिवशी त्याच्याकडे बघवेना, म्हणून जाळी धुवायला घेतली. पहिला दिवस झाला. दुसरा झाला. बाळू संध्याकाळी वर यायचा आणि पाणी पिऊन म्हणायचा, “आली.” एवढंच. तो हल्ली ओरडत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्याची बायको मंगलला म्हणाली, आमचा माणूस घरात हळू बोलाया लागला, मला वाटला आजारी पडला. इतकी वर्षं तो इंजिनाच्या वर आवाज काढत होता. आता गरज राहिली नाही. हे तुम्हाला आवडलं असतं. औषध म्हणाला होतात ना, ते गुडघ्यापेक्षा घशाला लागू पडलं.

शेवटच्या दिवशी दुसऱ्या फेरीला मी गाडीत बसले. बाळूला म्हटलं, कागद माझ्याकडे आहेत, सही घ्यायची आहे. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि दार उघडून दिलं. भिवंडीत रिकामे क्रेट आणि परतीचा माल भरला. निघालो. केबिनमध्ये इतकी शांतता की क्रेट मागे एकमेकांवर टेकतात तेही ऐकू येत होतं. बायपासचा चढ सुरू झाला. मी समोरच्या आकड्याकडे बघत होते. बाळू म्हणाला, “वयनी, त्याकडं बघू नका. रस्ता बघा. शेट पन असाच आकडा बघाचं.”

“ते कधी बसले होते तुझ्याबरोबर?”

“रोज सांजचं. तुमी गेल्यावर. आवारात एक चक्कर मारू म्हनाचं, आनि कान लावून बसाचं. मी म्हनाचो, शेट, काय ऐकू येत नाय. ते म्हनाचं, येल. तू चालव.”

मला हे माहीत नव्हतं. चढ संपला. गाडी थांबली नाही. शिळफाट्याला सिग्नल लागला, तिथे बाजूच्या डिझेल ट्रकचा धूर आत आला आणि आम्ही दोघांनी एकदम काच वर केली.

तळोज्याच्या फाटकात शिरलो तेव्हा बॅटरीत अजून शिल्लक होती. फार नाही, पण होती. धुराच्या मॅडम स्वतः खाली आल्या होत्या. त्यांनी माझ्याशी हात मिळवायला हात पुढे केला आणि मग तो मागे घेऊन वाकून नमस्कारच केला. म्हणाल्या, “काकू, आता पुढच्या गाड्यांचं बोलू.” मी हो म्हटलं. आत जाऊन सगळं विचारून मग हो म्हणायचं असतं, हे माहीत असून सरळ हो म्हटलं.

मॅडम गेल्या. मी पुन्हा केबिनमध्ये चढून बसले. तुमच्याशी बोलायचं सगळं मी त्या शेवटच्या फोनपासून तयार ठेवलं होतं. वजन, वारा, चढ, एकेक मुद्दा, आणि शेवटी ते एक वाक्य, जे ऐकताना तुमचं तोंड कसं होईल ते मला आधीच दिसत होतं. समोरच्या काचेतून वर नुसतं आभाळ दिसत होतं. मी मोठ्याने म्हटलं, “म्हटलं होतं ना मी!”

बाळू दचकला. “मला काय बोलता, वयनी? मी काय केला?”

“मग कोणाला बोलू? दुसरं कोण आहे इथं?”